निळ्या न होणाऱ्या पेशी

माझ्या धाकट्या भावाच्या मानेवर पहिली गाठ आली तेव्हा तो चार महिन्यांचा होता आणि मी आठ वर्षांची. गाठ पिकली, डॉक्टरांनी चिरली, पंधरा दिवसांत जखम भरली. घरात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. लहान मुलांना गळवं येतातच. पण मग काखेत आली, जांघेत आली, एकदा कानामागं आली. शाळेत जायला लागेपर्यंत त्याच्या अंगावर इतके व्रण होते की आंघोळ घालताना आई त्यांच्यावरून बोट फिरवत कुठला कधीचा ते पुटपुटायची. पुढं पुढं तोच डॉक्टरांना विचारायचा, "चिरायचं का औषदानं जातंय?" आणि चिरायचं म्हटल्यावर स्वतःच सदरा काढून पालथा झोपायचा.

आम्ही साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला दोन खोल्यांत राहायचो. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला होते. फौजेची सवय म्हणून प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायचे. भावाच्या आजारपणाची एक वही होती. ताप किती, कुठल्या तारखेला, कुठलं इंजेक्शन, किती दिवसांनी उतरला, सगळं त्यांच्या उभ्या अक्षरात. गल्लीतल्या बायका आईला सांगायच्या, एखाद्या देवऋष्याला दाखव. आबांच्या कानावर गेलं की ते एवढंच म्हणायचे, "कारण असल्याबिगर काय हुत न्हाई. कारण घावलं पायजे." आमच्या घरात अंगारे-धुपारे आजोबांच्या वेळेलाच बंद झाले होते. पौर्णिमेला विहारात वंदनेला जायचं, एवढंच.

आईचा भरवसा होता तो एका तपकिरी बाटलीवर. मेडिकलच्या दुकानात तिला सगळे हायड्रोजन म्हणायचे. आई म्हणायची फेसाचं पाणी. चिरलेल्या जखमेवर ती बाटलीतलं पाणी ओतायची आणि जखम दुधासारखी उतू यायची. भाऊ दात आवळून बघत राहायचा. "किडं मरायल्यात बघ," आई म्हणायची. फेस थांबेपर्यंत ती ओतत राहायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. त्या वेळी तिच्या तोंडावर जी एकाग्रता असायची ती मी पुन्हा कुठल्याच बाईच्या तोंडावर पाहिली नाही.

नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. भाऊ नऊ वर्षांचा होता. त्याच्या पोटात उजव्या बाजूला दुखायला लागलं, ताप उतरेना. सोनोग्राफीत यकृतात गळू दिसलं. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी ते सुईनं काढलं, पोर वाचलं, पण त्यांनी आबांना समोर बसवून सांगितलं की हे साधं प्रकरण दिसत नाही. सांगलीला एक पॅथॉलॉजीच्या बाई आहेत, त्यांना एकदा दाखवा. त्यांनी चिठ्ठी दिली.

सांगलीला आम्ही चौघं गेलो. मी तेव्हा बारावीला होते. बाईंची लॅब एका अरुंद जिन्यावरून वर, पहिल्या मजल्यावर होती. खाली हळदीच्या व्यापाऱ्याचं गोदाम, त्यामुळं जिना चढताना नाकात हळद जायची. बाई पन्नाशीच्या पुढच्या, बारीक चणीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी भावाला तपासलं नाही. आधी आबांची वही मागितली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. आम्ही बाकावर बसून होतो. वही मिटून त्यांनी आईला विचारलं,

"तुम्हाला भाऊ किती?"

आई दचकली. "दोन हुतं. दोगंबी गेलं. ल्हानपनीच."

"कशानं?"

आईनं आबांकडं बघितलं, मग खाली बघितलं. "गाठी यायच्या. हेच्यासारक्याच. एक पाच वर्साचा हुता, एक अकराचा. लोक म्हनायची, कुनीतरी केलंय."

आबा एकदम तिच्याकडं वळले. त्यांच्या लग्नाला वीस वर्षं होत आली होती. दोन मेहुणे तापानं गेले, एवढंच त्यांना माहीत होतं.

बाईंनी पंधरा दिवसांनी बोलावलं. लागणारा रंग त्यांच्याकडं नव्हता, तो मागवायचा होता. दुसऱ्या खेपेला त्यांनी भावाचं, आईचं आणि आबांचं रक्त घेतलं. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, "तुझं नको. तू अठरा पूर्ण कर, मग तुझं तू ठरव." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

दुपारी त्यांनी आम्हाला आत बोलावलं. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. एकेकाला बघू दिलं. पहिल्यांदा आबांची काच. गोल गोल पेशी आणि जवळजवळ प्रत्येकीत शाईचे कण सांडल्यासारखे निळे-काळे ठिपके. मग भावाची काच. तशाच पेशी, पण सगळ्या कोऱ्या. मी काच सरकवून सरकवून शोधलं, एकही निळी सापडली नाही. भावानंही बघितलं आणि विचारलं, "माजं रंगवायचं राहिलं का?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला जवळ घेऊन, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात. गिळून झालं की पोटातल्या एका पिशवीत त्याला कोंडतात आणि श्वासातून आलेल्या प्राणवायूचं एक जहाल रूप तयार करून त्याच्यावर सोडतात. जंतू जळून जातो. ती पेशी ते जहाल द्रव्य तयार करत असेल तर हा पिवळा रंग निळा होतो. "याच्या पेशी जंतूला पकडतात, गिळतात, सगळं बरोबर करतात. फक्त त्यांना ते जाळता येत नाही. जंतू आत जिवंत राहतो. मग शरीर निदान त्याला कोंडून ठेवायचं म्हणून भोवती भिंत बांधतं. ती गाठ."

आबांनी विचारलं, "एवडं जहाल असलं तर आपल्याला कसं बाधत न्हाई?"

"बाधतं. म्हणून तर शरीर ते पिशवीतच करतं. आणि बाहेर सांडलंच तर ते मोडून टाकणारी द्रव्यं जागोजागी ठेवलेली असतात. तुम्ही जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड घालता ना?"

"रोज घालते," आई म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"ते त्यातलंच. पेशी बनवते त्याच कुळातलं. तुम्ही ओतता तेव्हा रक्त आणि मांस लगेच त्याचं पाणी आणि प्राणवायू करून टाकतात. त्या वायूचा फेस येतो. म्हणजे फेस जंतू मरतात म्हणून येत नाही. शरीर स्वतःला वाचवतं म्हणून येतो."

आईनं विचारलं, "मग मी इतकी वर्सं त्येचं नवं मांसच जाळत हुते व्हय?"

"तसं नाही. सुरुवातीला थोडं घातलं तर घाण निघते. पण रोज दोनदा नको. जखम भरायला आलेली असते, तिलाही ते लागतं. मिठाच्या पाण्यानं धुवा."

मग त्यांनी तिसरी काच लावली आणि आईला बसवलं. आई बराच वेळ एका डोळ्यानं बघत होती. तिला बघता येत नव्हतं, की बघवत नव्हतं, कोण जाणे. तिच्यानंतर मी बघितलं. एक पेशी निळी, तिच्या शेजारची कोरी. परत दोन निळ्या, एक कोरी. जवळजवळ निम्म्या निम्म्या.

बाईंनी समजावलं. आईच्या निळ्या पेशी तिला पुरत होत्या म्हणून तिला कधी काही झालं नाही. पण मुलगा झाला तर हे त्याच्यात उतरायची शक्यता निम्मी, आणि मुलगी झाली तर तीही आईसारखीच निम्मी कोरी निघायची शक्यता तेवढीच. तिच्या आईकडूनही असंच आलं असणार, दोन भावांना गाठलं असणार. त्या "यात कुणाची चूक नसते" असंही म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. पण ते वाक्य आईपर्यंत पोचलं असं मला वाटलं नाही.

परतीच्या एस.टी.त भाऊ खिडकीशी झोपला. इस्लामपूरच्या पुढं आई म्हणाली, "म्हंजे माज्याकडनंच आलं."

"तुज्याकडनं न्हवं गं. तुज्या रक्तातनं आलं," आबा म्हणाले.

त्यांना बरं बोलायचं होतं. पण साताऱ्याला पोचेपर्यंत आई खिडकीबाहेर बघत राहिली, आणि त्या दिवसापासून तिनं आबांसमोर स्वतःच्या माहेरचं नाव काढलं नाही.

त्यानंतरची तीन-साडेतीन वर्षं बरी गेली. रोज गोळ्या असायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही. आबांनी कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. गाठी कमी झाल्या. भाऊ उंच झाला, चेहरा भरला. त्याला फौजेत जायचं होतं. रविवारी तो आबांचे जुने बूट घालून अंगणात परेड करायचा आणि आबा दारात उभे राहून "दाहिने मुड" सांगायचे. मेडिकलमध्ये हा पहिल्याच दिवशी बाद होणार हे त्यांना माहीत होतं. तरी सलाम करताना त्याचा कोपर खाली आला की ते जाऊन वर करायचे.

मी बारावीनंतर सांगलीला आले, लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि बाईंच्याच लॅबमध्ये कामाला लागले. त्या काचेत जे बघितलं होतं त्यानं मला ओढलं होतं, दुसरं कारण नव्हतं. बाई कामात कडक होत्या. काच धुताना थोडा डाग राहिला तरी परत धुवायला लावायच्या. भावाबद्दल मात्र दर महिन्याला आठवणीनं विचारायच्या.

भाऊ तेरा वर्षांचा असताना दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला कडेगावजवळ मावशीकडं घेऊन गेले. आई त्याला पाठवायला तयार नव्हती. ती त्याला चिखलात जाऊ द्यायची नाही, विहिरीत पोहू द्यायची नाही, जनावराजवळ फिरकू द्यायची नाही. पण तो रडकुंडीला आला होता, आणि मी म्हणाले, "आई, मी हाय न्हवं संगं. मला समजतंय आता सगळं." तिनं मला एकदा नीट बघितलं आणि त्याचे कपडे भरले.

मावशीचं थोडं रान होतं, दोन म्हशी होत्या. घरामागं गेल्या वर्षीच्या कडब्याची गंज होती. यंदा पाऊस लांबला होता आणि गंजीचा खालचा भाग भिजून कुजला होता. नवा कडबा यायच्या आधी ती गंज मोडून चांगलं-वाईट वेगळं करायचं काम निघालं होतं. भाऊ म्हणाला, मी करतो. मावशी माझ्याकडं बघायला लागली. मी विचार केला, खिळा नाही, काच नाही, पायात बूट आहेत, हातात आबांचे जुने मोजे घालू. जखम व्हायची भीती नाही. "कर," मी म्हणाले.

तो गंजीवर चढला आणि पेंढ्या खाली फेकायला लागला. खालच्या थरातल्या पेंढ्या काळ्या पडल्या होत्या. त्या ओढल्या की राखेसारखा धुरळा उठायचा. तो शिंकायचा, हसायचा, परत ओढायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी कामाला लावलं होतं. "आक्का, मोज, किती झाल्या," असं तो वरून ओरडत होता. मी बाभळीखाली बसून मोजत होते. दुपारभर. संध्याकाळी त्याच्या पापण्यांवर, केसांत, मानेच्या व्रणांवर ती करडी धूळ बसलेली होती. मावशीनं गरम पाण्यानं त्याला आंघोळ घातली. जेवताना त्यानं तीन भाकरी खाल्ल्या.

आठवड्यानं साताऱ्याला त्याला ताप आला. दोन दिवसांत धाप लागायला लागली. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि लगेच सांगलीला हलवायला सांगितलं. आबा त्याला जीपमधून घेऊन आले. दोन्ही फुप्फुसं फोटोत बर्फ पडल्यासारखी पांढरी होती.

त्याच्या कफाची काच मी स्वतः केली. बाई शेजारी उभ्या होत्या. काचेत नेहमीचे जंतू नव्हते. होते ते लांब धागे, फांद्या फुटलेले, एकात एक गुंतलेले. मी कोर्सच्या पुस्तकात ते चित्र पाहिलं होतं. बाईंनी मला उठवलं, स्वतः बघितलं आणि विचारलं, "कुठं गेला होता हा?"

मी कडब्याचं सांगितलं.

त्या चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला गाठींचं सांगितलं, जखमांचं सांगितलं. बुरशीचं सांगितलं नाही. ही बुरशी सगळीकडं असते, तू मी रोज नाकातून घेतो. आपल्या पेशी तिलाही त्याच जाळानं मारतात. मला सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी ते स्वतःवर घेतलं, हे त्यांचं मोठेपण. पण दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काम करून, तो आजार नावानिशी माहीत असून, गंजीसमोर बसून पेंढ्या मोजल्या होत्या त्या मी. धुरळा डोळ्यांनी बघत मोजल्या होत्या.

बुरशीवरचं औषध पुण्याहून यायचं. सलाईनमधून सोडलं की तासाभरात त्याला हुडहुडी भरायची, पलंग हलायचा. आबा त्याचे पाय दाबून धरायचे आणि आई डोकं. हुडहुडी थांबली की तो दमून पडायचा. तीन आठवडे हे चाललं. एकदा दोन दिवस ताप उतरला, तेव्हा त्यानं पेरू मागितला. मग परत चढला.

एका सकाळी आई-आबा खाली चहाला गेले होते. मी त्याच्याजवळ होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तो त्यानं बाजूला सरकवला.

"आक्का, तुज्या पेशी निळ्या हुत्यात का?"

मी तोपर्यंत तपासणी केली नव्हती. अठरा पूर्ण होऊन तीन वर्षं झाली होती, रंग माझ्याच कपाटात असायचा, पण मी केली नव्हती.

"व्हय," मी म्हणाले. "सगळ्या."

"मग बरं हाय," तो म्हणाला आणि मास्क परत लावायला माझ्याकडं हात केला.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी तो गेला. आबा दाराशी उभे होते, ताठ, हात बाजूला. त्यांच्या हातातून कुणीतरी थर्मास काढून घेतला तेव्हा ते खाली बसले.

आम्ही त्याला साताऱ्याला आणलं. विहारातली माणसं आली, त्रिसरण-पंचशील झालं. माहुलीला नदीकाठी सगळं करून माणसं परतली. आठवड्यानं मी आईला कडब्याचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं: काळ्या पेंढ्या, धुरळा, मी बाभळीखाली बसले ते. सुपातली तिची बोटं थांबली. मी ती काहीतरी बोलेल, मारेल, घराबाहेर काढेल अशी वाट बघत होते. कदाचित मला तेच हवं होतं.

"त्येला आवडलं का पर?" तिनं विचारलं.

"लय हसत हुता."

ती मान हलवत राहिली आणि परत तांदूळ निवडायला लागली. त्या विषयावर आम्ही दोघी एवढंच बोललो.

वर्षभरानं माझ्या लग्नाचं घरात निघायला लागलं तेव्हा मी बाईंना सांगितलं, आता बघायचं आहे. लॅब बंद करायच्या वेळेला आम्ही बसलो. शेजारी ठेवायला निरोगी माणसाचं रक्त लागतं. बाईंनी बोट पुढं केलं, "माझं घे." मी दोन्ही काचा केल्या, ऊब दिली, रंग घातला. बाईंच्या काचेत जवळजवळ सगळ्या निळ्या. मग माझी काच लावली. पहिली पेशी निळी होती. दुसरीही. तिसरी कोरी. मी शंभर मोजल्या. निम्म्याहून थोड्या जास्त कोऱ्या होत्या.

"परत करायची का?" बाईंनी विचारलं.

"नको."

त्या उठून खिडकी लावायला गेल्या आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

त्या शनिवारी मी साताऱ्याला गेले. तपासून येते म्हणून मी आधीच कळवलं होतं, त्यामुळं आईला माहीत होतं मी कशासाठी आलेय. तिनं पाणी दिलं नाही, बस म्हटलं नाही, दारातच उभी राहिली. मी म्हणाले, "सगळ्या निळ्या हैत, आई. मला काय न्हाई."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. भाऊ गेल्यापासून ती रडली नव्हती. त्या दिवशी ती दाराच्या चौकटीला धरून रडली, आणि मग आत जाऊन तिनं चुलीवर आधण ठेवलं. त्या रात्री ती आमच्याबरोबर पानावर बसली, पोटभर जेवली. आबा तिच्याकडं बघत होते. मला वाटलं, एवढ्यासाठी खोटं बोलणं चालेल.

ज्याच्याशी माझं लग्न झालं तो वायरमन होता. लॅबमधल्या फ्रीजची लाइन सारखी जळायची, ती बदलायला आला होता. त्याला मी कृष्णेच्या घाटावर बसून सगळं खरं सांगितलं. भावाचं, मामांचं, माझ्या काचेचं. मी मूल होऊ देणार नाही, हेही सांगितलं. गर्भातच तपासणी वगैरे गोष्टी तेव्हा आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या, आणि मुलगी झाली तर तिलाही एक दिवस अशीच काच बघायला लावणं मला सोसलं नसतं. तो आठ दिवस आला नाही. मी समजले, संपलं. नवव्या दिवशी तो लॅबच्या जिन्यात उभा होता.

"मी इचार केला," तो म्हणाला. "पोर न्हाई झालं तरी चालंल. पर तुज्या आईला खोटं कशाला?"

मी त्याला आईचं ते दारातलं रडणं सांगितलं. त्यानं परत विचारलं नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि आईनं विचारायला सुरुवात केली. आधी आडून, मग सरळ. साताऱ्याहून येताना कसल्या कसल्या मुळ्या आणायची. विहारातल्या एका बाईच्या सुनेला कुणाच्या औषधानं दिवस गेले, त्यांचा पत्ता आणायची. मी "बघू" म्हणायचे. तिला वाटायचं, मी कामापायी टाळते. एकदा तर म्हणाली, "तुज्या पेशी चांगल्या हैत ना? मग तू का भितीस?" मी तोंड धुवायला मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

एका रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. आई सांगलीला येऊन चार दिवस झाले होते. तिनं एका डॉक्टरीणबाईंचा नंबर लावून आणला होता. "उद्या दोगी जाऊ," ती मला म्हणाली. "तपासून तरी घिऊ. तुज्यातच काय कमी-जास्त आसंल तर औषद हाय आता."

मी भाकरी मोडत होते. नवऱ्यानं हातातला तांब्या खाली ठेवला.

"आई, ती न्हाई जायाची. तिच्यात काय न्हाई. माज्यात हाय. आमी तपासून घितलंय."

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मला हे आधी सांगितलं नव्हतं. तो ताटाकडं बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. आमच्याकडं पुरुष असं बोलत नाहीत, खरं असलं तरी बोलत नाहीत.

आईचा घास हातात राहिला. मग तिनं तो ताटात ठेवला, हात पुसला आणि त्याच्याकडं थोडी सरकली.

"आवं, त्यात खाली बगायचं काय हाय," ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात ती एके काळी भावाशी बोलायची. "अंगात काय घिऊन जन्माला यायचं, ते कुनाच्या हातात आसतंय का? त्यात मानसाचा काय गुन्हा? मनाला लावून घिऊ नका. म्या सांगते, आजाबात लावून घिऊ नका."

तो नुसता मान हलवत होता. मी आत जाऊन आमटी गरम करायच्या निमित्तानं स्टोव्हला पंप मारत बसले. बाहेर आई त्याला आणखी एक भाकरी वाढत होती, आणि तो नको म्हणत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिला साताऱ्याच्या गाडीत बसवून द्यायला स्टँडवर गेले. गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. आता सांगावं, असं मला तीनदा वाटलं. तिनं ऊस घेतला होता, तो ती माझ्यासाठी सोलत होती. गाडी आली, माणसं धावली, मी तिची पिशवी आत टाकून जागा धरली. ती खिडकीशी बसली आणि बाहेर हात काढून माझा हात धरला.

"त्येला काय बोलू नगंस गं," ती म्हणाली. "आतनं लय खात आसंल त्येला."

मी "बरं" म्हणाले. कंडक्टरनं घंटी मारली.